मुलगा माझा, सही त्याच्या वडिलांची: कॅनडाच्या पीआरसाठी संमती कशी मिळवायची?

नाईट_ड्युटी

नमस्कार. रात्रीचे अडीच वाजलेत. आयसीयूत आज तीनच पेशंट आहेत आणि तिघंही झोपलेत, म्हणून लिहायला बसले. लांबेल, सांभाळून घ्या.

आधी घरातली माणसं सांगते, नाहीतर कोण कुणाचं ते कळायचं नाही. मी नर्स, जुळे सोलापुरात राहते. पहिलं लग्न २०११ ला झालं, २०१८ ला परस्परसंमतीनं मोडलं. त्या लग्नातला माझा मुलगा आता बारा वर्षांचा आहे. २०२३ ला दुसरं लग्न केलं. ह्यांची पहिली बायको २०२१ च्या एप्रिलात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेली. त्यांची मुलगी आता नऊची. म्हणजे घरात दोन पोरं, एक माझ्याबरोबर आलेला, एक ह्यांच्या घरात आधीपासून असलेली. दोघं मिळून बरणीभर शेंगाचटणी चार दिवसांत संपवतात. भांडणं रोजची. मागच्या आठवड्यात चार्जरवरून तिनं त्याच्या दंडाला चावा घेतला, मी ड्रेसिंग केलं. सावत्र वगैरे काही असलं तर ते फक्त सासूबाईंच्या बहिणींच्या बोलण्यात आहे.

आता मुद्दा. माझ्या नर्सिंगच्या अनुभवावर कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिकडे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, एक्स्प्रेस एंट्री या त्यांच्या ऑनलाइन रांगेत प्रोफाइल टाकलं होतं. आयईएलटीएस दोनदा दिली. अकरा दिवसांपूर्वी बोलावणं आलं, आयटीए म्हणतात ते. त्या दिवसापासून साठ दिवसांत सगळा अर्ज भरून द्यायचा. म्हणजे हातात एकोणपन्नास उरले. हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघतात, त्यामुळे फाईल लावायचं काम त्यांच्याकडे आणि त्यांना ते आवडतंही. रंगीत फ्लॅप वगैरे.

मुलीचं काम पाच मिनिटांत झालं. तिच्या आईच्या मृत्यूचा दाखला महापालिकेतून काढलेला होताच, तो लावला, संपलं. (लावताना ह्यांचा हात थांबला होता. मी चहा करायला उठून गेले.) मुलाच्या फ्लॅपमध्ये जो कागद लागतो तो मात्र जिवंत आहे, बार्शीला राहतो, त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो स्वतःचा मोबाईल उचलत नाही.

मुलगा त्याला पप्पा म्हणतो आणि ह्यांना बाबा. कुणी शिकवलं नव्हतं, त्यानंच ठरवलं. पप्पांबद्दल वाईट बोलायचं नाही असं मी ठरवलेलं आहे, पण इथे खरं सांगायलाच लागेल. घटस्फोटाच्या अटींत ताबा माझ्याकडे आहे. दर महिन्याला सहा हजार पोटगी, आणि दुसऱ्या-चौथ्या रविवारी अकरा ते पाच सिद्धेश्वर मंदिराच्या आवारात भेट. पहिली दोन वर्षं रविवार अगदी नेमानं झाले. मग एकच झाला. मग दोन-तीन महिन्यांतून एकदा. पोटगी चौदा महिने आलेली नाही, चौऱ्याऐंशी हजार होतात. पण गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, तो चुकत नाही. दर जानेवारीला होम मैदानावर येतो, पोराला मोठ्या पाळण्यात बसवतो, पोट बिघडेपर्यंत खायला घालतो आणि रात्री दहाला दारात आणून सोडतो. त्या एका दिवसावर पोरगं वर्षभर बोलतं. मला राग येतो, पण नाही कसं म्हणू.

तर मला कळत नाही ते असं. ताबा माझ्याकडे असल्याचा कोर्टाचा कागद आहे, तो पुरत नाही का? माझी मैत्रीण म्हणते, सध्याच्या नवऱ्यानं मुलाला दत्तक घेऊन टाकावं, म्हणजे जुन्या बापाची गरजच नाही. ते जमतं का? मुलाचा पासपोर्ट २०१७ ला काढला होता, आम्ही एकत्र होतो तेव्हा दोघांनी सह्या केल्या होत्या. तो २०२२ लाच संपला, नवा काढायचाय, तिथंही सही. आणि नावाचं काय? आपल्याकडे मधलं नाव बापाचं. फॉर्मवर मुलाचं मधलं नाव बार्शीचं आणि घर जुळे सोलापूरचं. ह्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण फॉर्म भरताना तो रकाना त्यांनी शेवटी भरला.

वकिलांची नोटीस पाठवावी असं माझा भाऊ म्हणतो. मला भीती वाटते की नोटीस गेली की तो कायमचा अडून बसेल. कुणी यातून गेलंय का?

ओंटारियोतली_भाकरी

ताई, मी गेलेय. मूळची मोहोळची, आता इथे ब्रॅम्प्टनला. २०२२ ला आलो. माझी मुलगी पहिल्या लग्नातली.

आधी दत्तकाचं डोक्यातून काढा. कॅनडाला त्याची गरज नाही. अर्जदाराचं किंवा तिच्या नवऱ्याचं, दोघांपैकी कुणाचंही मूल असलं, बावीस वर्षांखालचं आणि अविवाहित, तर ते अवलंबून मूल म्हणून अर्जात येतं. तुमची दोन्ही मुलं अशीच येतील, एक तुमच्या नात्यानं, एक त्यांच्या. मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं, त्यांना त्यानं काही फरक पडत नाही. जन्मदाखल्यावर जे आहे तेच सगळीकडे लिहा. आत्ता नाव बदलायला गेलात तर शाळेचा दाखला, आधार, पासपोर्ट सगळं एकमेकांशी जुळेनासं होईल आणि साठ दिवस तिथंच जातील.

संमतीसाठी त्यांचाच फॉर्म आहे, आयएमएम ५६०४. जो पालक सोबत येत नाही त्यानं भरायचा: माझं मूल अमुकबरोबर कॅनडात कायमचं राहायला जातंय, माझी हरकत नाही. नोटरीसमोर सही. सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि त्या ओळखपत्रावर सही असायला हवी. जाड अक्षरात लिहितेय कारण माझं एक महिन्याचं काम यात अडकलं होतं. आधारवर सही नसते! पॅन, लायसन्स किंवा पासपोर्ट मागून घ्या.

कोर्टाचा हुकूम मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर लागेल. ते घरच्या माणसानं केलेलं चालत नाही, भाषांतर करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. माझ्या दिराचं इंग्रजी उत्तम आहे, फुकटात करून देत होता. परत पाठवलं असतं त्यांनी.

आणि पासपोर्टसाठी भारतात वेगळा नमुना आहे. दोघांची संमती असेल तर परिशिष्ट डी, एकाची मिळत नसेल तर कारण देऊन परिशिष्ट सी. पण तो माणूस एकदा समोर बसणार असेल तर दोन्ही कागद एकाच भेटीत पुढे करा. दुसऱ्यांदा भेटेलच याची मी खात्री देणार नाही. माझा तरी भेटला नाही, पासपोर्ट सी वरच काढावा लागला.

रेल्वे_लाईन्स_वाला

एवढं टेन्शन कशाला घ्यायलाय ताई. पोराला सध्या आजीकडे ठेवा, फॉर्मवर दाखवूच नका. तिकडं पीआर झाला की आरामात बोलवा. तेव्हा बाप पण थंड झालेला असतोय. नाहीतर सही काय, कुणी बी करतंय. तिकडं बसलेल्या गोऱ्याला बार्शीची सही कुठली कळतीय बे.

ओंटारियोतली_भाकरी

हे वाचून माझ्या पोटात गोळा आला, म्हणून लगेच लिहितेय. हे करू नका. कॅनडाच्या इमिग्रेशन नियमांत कलम ११७(९)(डी) आहे. पीआरच्या अर्जात जे मूल दाखवलं नाही आणि म्हणून ज्याची तपासणी झाली नाही, त्याला नंतर कुटुंब म्हणून बोलावता येत नाही. आजीकडे ठेवलेलं पोरगं मग आजीकडेच राहतं. अशी कुटुंबं आहेत, मी एक ओळखते, ते काका आता बोलायचंही टाळतात.

खोटी सही पकडली गेली तर पाच वर्षं अर्जच करता येत नाही, सगळ्या घराला. आणि गोऱ्याला बार्शीची सही कळत नसेल, पण बार्शीच्या बापानं एक ईमेल केला की कळते.

मूल खरंच नंतर न्यायचं असेल तर त्याला अर्जात "सोबत येत नाही" म्हणून दाखवतात. त्याचीही मेडिकल होते, खर्चासाठी दाखवायच्या पैशांत तोही मोजला जातो. मग पुढे त्याला बोलावता येतं. तो शेवटचा रस्ता.

रेल्वे_लाईन्स_वाला

बरं बरं. मला आपलं मित्रानं सांगितलं होतं. त्याचं अजून व्हायचंय म्हणा.

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, मी कोर्टात एकतीस वर्षं काढली, शेवटची सात शिरस्तेदार म्हणून. वकील नाही. पण असल्या फायली शेकड्यानं हातातून गेल्या.

तुमच्या भावाला सांगा, नोटीस आत्ता नको. का ते पुढे येईल.

"ताबा माझ्याकडे आहे" हे तुम्ही बरोबर म्हणता. पण त्याच हुकूमनाम्यात दुसरा आणि चौथा रविवारही आहे, तो लोक विसरतात. बाप येतो की नाही ही वेगळी गोष्ट. आदेश कागदावर जिवंत आहे. उद्या टोरांटोहून दुसऱ्या रविवारी सिद्धेश्वरच्या आवारात मुलाला कसं आणणार? परदेशाबद्दल तुमच्या अटींत काही लिहिलेलं नसावं. २०१८ ला कुणाच्या डोक्यात आलं असणार. म्हणून नुसत्या फॉर्मवरच्या सहीवर थांबू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ प्रमाणे मुलांच्या ताब्याबद्दलचा आदेश घटस्फोटानंतरही बदलून मागता येतो. दोघांनी मिळून अर्ज द्या, सोबत संयुक्त पुरसीस, म्हणजे दोघांच्या सहीचं कोर्टाला लेखी निवेदन: मुलगा आईबरोबर कायमचा कॅनडाला जाण्यास वडिलांची हरकत नाही, रविवारच्या भेटीऐवजी अमुक वारी अमुक वाजता व्हिडिओ कॉल, आणि भारतात येतील तेव्हा इतके दिवस वडिलांकडे. त्यावर आदेश झाला की सहीशिक्क्याची नक्कल काढा. तो कागद तुमच्या मुलाला पुढची सहा वर्षं उपयोगी पडेल. फॉर्म फक्त एकदा.

तुमच्या मिस्टरांबद्दल एक गोष्ट, त्यांना वाईट वाटू देऊ नका. १९५६ च्या अल्पवयीनत्व आणि पालकत्व कायद्यात कलम ६ खाली स्पष्टीकरण आहे की "पिता" आणि "माता" यांत सावत्र पिता आणि सावत्र माता येत नाहीत. घरात ते बाबा आहेत, कायद्यात नैसर्गिक पालक नाहीत. तुम्ही मात्र आहात. बापाच्या नंतर आई असं जे कलमात लिहिलंय, त्याचा अर्थ बाप मेल्यावर असा नाही, बापाच्या अनुपस्थितीत असा घ्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९९ ला गीता हरिहरन यांच्या खटल्यात सांगितलं. वडील मुलाकडे बघतच नसतील तर हा आधार तुमच्या बाजूचा आहे. पण जो बाप गड्ड्याला येतो त्याला कोर्ट अनुपस्थित म्हणेल असं मला वाटत नाही. आणि खरं सांगू का, म्हणूही नये.

दत्तकाचं म्हणाल तर १९५६ च्याच दत्तक कायद्यात आईनं मूल दत्तक द्यायचं तरी बापाची संमती लागते. म्हणजे ज्या सहीपासून पळायचं तीच सही, वर आणखी जड. शिवाय दत्तक गेलं की जन्मदात्या घराशी कायद्यानं नातं तुटतं. पाळण्याच्या त्या एका दिवसासाठी वर्षभर बोलणाऱ्या पोराचं हे करायचं का, ते तुम्ही ठरवा.

तो नाहीच म्हणाला तर कोर्टात परवानगी मागावी लागेल. तिथे मुलाचं हित सगळ्यांत वर. १८९० च्या कायद्यात आहे की मूल समजदार असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते. बाराव्या वर्षी न्यायाधीश साहेब मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारू शकतात. बिस्किटं देतात, शाळा विचारतात, मग हळूच मूळ प्रश्न. मी बाहेर उभा राहून पुष्कळदा बघितलंय, पोरं आत काय बोलली ते कधी सांगत नाहीत. भारतानं मुलांना परदेशी पळवून नेण्याविरुद्धच्या १९८० च्या हेग करारावर सही केलेली नाही. इकडचा आदेश तिकडे चालवून घेणं अवघड जातं, म्हणून इथले न्यायाधीश परवानगी देताना लेखी हमी मागतात. हे सगळं साठ दिवसांत बसणार नाही. वेळ संपत आलीच तर बोलावणं नुसतं सोडून देऊ नका, नकार कळवा. नकार दिला की प्रोफाइल पुन्हा रांगेत जातं असं माझ्या पुतण्याच्या वेळी झालं होतं. नुसतं मुदत संपू दिली तर प्रोफाइलच जातं.

नोटीस का नको म्हटलं? वकिलाचा पोचपावतीचा लखोटा घेऊन पोस्टमन दुकानात येतो तेव्हा शेजारचे दुकानदार बघतात. बास, एवढंच कारण आहे.

आणि हो, "सही दे, पोटगी माफ" असं कुठंही लिहून देऊ नका. पोटगी मुलाची आहे, तुमची नाही.

कंडक्टर_बिल्ला_नंबर_नको

मी दुसऱ्या बाजूचा आहे. सही देणारा बाप. इथे सगळे सही कशी काढायची ते सांगतायत म्हणून म्हटलं आपण पण लिहावं.

एसटीत आहे. माझी लेक २०१९ ला तिच्या आईबरोबर आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याबरोबर मेलबर्नला गेली. ऑस्ट्रेलियाचा फॉर्म वेगळा, १२२९ नंबरचा, पण आत तेच, अठराखालच्या मुलाला व्हिसा द्यायला आईबापाची संमती.

मला पहिल्यांदा नोटीसच आली. डेपोत आली. शिरस्तेदार काका म्हणतात ते शंभर टक्के. साहेबांनी सही करून घेतली आणि म्हणाले, काय रे, काय भानगड. मी ती न वाचता फाडली. ड्युटी संपल्यावर तुकडे जुळवून वाचली, पण ते कुणाला सांगितलं नाही.

ताई, तुमचा तो फोन उचलत नाही त्याचं कारण मला माहीत आहे असं वाटतं. चौऱ्याऐंशी हजार. माझे बावन्न होते. तुमचा नंबर दिसला की त्याला पोटगीच दिसते. पोराचा आवाज ऐकायचा असतो, पण फोन उचलला की आधी पैशाचं निघेल म्हणून उचलत नाही. मग दोन महिने उचलला नाही म्हणून तिसऱ्या महिन्यात उचलायचं तोंड राहत नाही. गड्ड्याला येतो कारण तिथं गर्दी असते, पाळणा असतो, कुणी बसून हिशेब मागत नाही. मी पण लेकीला बाजारात न्यायचो, घरी नाही.

काका म्हणतात पोटगी माफ लिहून देऊ नका, बरोबर आहे, नका देऊ. पण पहिला मेसेज करताना एवढं लिहा की हे पैशाचं नाही. ते मागाहून बघू, आज ते नाही. एवढं लिहिलं तर माणूस येतो.

माझी सही कशी झाली ते सांगतो. तिचा दुसरा नवरा डेपोत आला, एकटा. मला वाटलं भांडायला आलाय. कॅन्टीनला बसलो. माणूस बोलायला बेताचाच. त्यानं मोबाईलवर नकाशा काढला, हे घर, ही शाळा, मध्ये एक बाग, चालत अकरा मिनिटं. रस्ता किती वेळा ओलांडायचा ते दाखवलं. दोनदा, दोन्हीकडे सिग्नल. मग म्हणाला, आम्ही कायमचे जातोय, परत यायचं ठरलेलं नाही. ते "कायमचे" आधी कुणी बोललं नव्हतं. नोटिशीत इंग्रजीत होतं, बायको फोनवर "बाहेर" म्हणायची, सासरे "दोन-तीन वर्षं" म्हणायचे. हा पहिला माणूस सरळ बोलला. मला राग यायला पाहिजे होता. मी अजून एक चहा सांगितला.

मी काय मागितलं: शाळेचं नाव-पत्ता लिहून, व्हिसाची झेरॉक्स, आणि फोनची वेळ ठरवून. ते आपल्यापुढे साडेचार तास, त्यांचं घड्याळ बदललं की साडेपाच. माझी ड्युटी बदलती. तरी रविवार दुपार ठरली. फोन येतो. दर रविवारी येतो असं नाही, खोटं कशाला बोलू, ती आता सोळाची झाली, मैत्रिणी आहेत. पण ठरलेली वेळ कागदावर आहे म्हणून नाही आला तर मी करू शकतो, मला कुणी म्हणत नाही की आत्ता कशाला केलास.

तुमच्याकडे टोरांटो धरलं तर आपली रविवारची रात्र आठ म्हणजे तिकडे सकाळचे साडेदहा, हिवाळ्यात साडेनऊ. पोरगं उठलेलं असतं. ही वेळ चांगली आहे, द्या त्याला.

आणि तुमच्या मिस्टरांना घेऊन जा.

नाईट_ड्युटी

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, तेवीस दिवस गेले. हातात सव्वीस आहेत. काय झालं ते सांगते.

कंडक्टर दादा, तुमचं लिहिलेलं मी ह्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी ऑफिसातून नकाशाचे रंगीत प्रिंट घेऊन आले. लंडन नावाचं गाव आहे ओंटारियोत, तिथं माझ्या एका सीनियर सिस्टरचं घर आहे, सुरुवातीला तिकडं राहायचं म्हणतोय. त्यांनी शाळेला पिवळा आणि घराला हिरवा हायलायटर मारला होता. हिशेबाचा माणूस.

मेसेज असा केला: "पैशाचं बोलायचं नाही. मुलाचं बोलायचंय, महत्त्वाचं आहे, समोर बसून." निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर दोन दिवसांनी: "वैराग. बुधवार. ४."

वैराग म्हणजे त्याच्या आणि माझ्या मध्ये. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलात बसलो, तिघं. मी ड्युटी करून गेले होते, दोन रात्रींची झोप डोळ्यांत. त्याचे केस पांढरे झालेत, ते गड्ड्याच्या लायटिंगमध्ये कधी दिसले नव्हते. मी ठरवलं होतं की पहिलंच वाक्य कायमचं हे बोलायचं. बोलले. तो म्हणाला, "परमनंट म्हणजे परत नाहीच का?" मी म्हटलं, सुट्टीला येणार, राहायला नाही. तो बराच वेळ ग्लासातल्या पाण्यात बोट घालून टेबलावर रेघा काढत बसला. ही सवय जुनीच आहे. पूर्वी मला तिचा वैताग यायचा.

मग ह्यांनी प्रिंट काढले. त्यानं पहिलाच प्रश्न विचारला तो बर्फाचा. किती पडतो, शाळेला चालत जायचं तर बूट कसले, पोराला लहानपणी दमा होता ना. मला वाटलं नव्हतं त्याला तो दमा आठवत असेल. ह्यांनी वहीत लिहून घेतलं: बूट, इनहेलर. तो वही वाकून बघत होता, लिहिलं का ते.

त्यानं मागितलं ते एवढंच, रविवारी रात्री आठ, आणि ज्या वर्षी भारतात येऊ त्या वर्षी शक्यतो जानेवारीत, गड्ड्याला. सुट्टी मिळेल की नाही मला माहीत नाही, तसं सांगितलं. "शक्यतो" हा शब्द पुरसिशीत घालू म्हणाले वकील. चौऱ्याऐंशी हजाराचं त्यानं स्वतःच काढलं, दारात निघताना, चपला घालत. "तेवढं जमवतोय." मी काही बोलले नाही. काका, माफ केलं नाही, मागितलंही नाही.

शनिवारी तो सोलापूरला आला, कोर्टाजवळ नोटरीकडे गेलो. आणि काय आणलं असेल त्यानं ओळखपत्र म्हणून? आधार! ओंटारियोताई, मी तुमचं जाड अक्षरातलं त्याला जसंच्या तसं पाठवलं होतं. तो म्हणतो, मला वाटलं आधार सगळीकडे चालतं. शिवाय पॅनवरची सही म्हणे त्यानं कॉलेजात असताना इंग्रजीत केलेली, आणि गेली दहा वर्षं तो मराठीत सही करतोय. नोटरीनं दोघांकडे बघून फाईल बंद केली, सोमवारी या म्हणाला. परिशिष्ट डी मात्र भरून घेतलं. पासपोर्टची अपॉइंटमेंट बुधवारची मिळालीय, पुरसीस सोमवारीच दाखल करायची आहे.

मुलाला सगळं सांगितलंय. त्यानं पहिल्यांदा विचारलं, धाकटी येणारच ना. मग विचारलं, पप्पांना विचारलं का. हो म्हटल्यावर फुटबॉल घेऊन खाली गेला. शिरस्तेदार काका, चेंबरमध्ये काही विचारलंच तर हा बिस्किटं खाऊन येईल असं दिसतंय.

हे लिहिताना फोन वाजला. बार्शीहून मेसेज: "पॅन सापडलं. सही इंग्लिशमध्येच करायची का? प्रॅक्टिस करतो."